बारदान धरून का सोडून

आमचं मूळ गाव जामखेडच्या अंगाला, कोरडं. विहिरीच्या तळाशी बसून वाटीनं घागर भरायची, आणि ती भरेपर्यंत वर दुसरीचा नंबर लागलेला असायचा. मी चार वर्षांची असताना आई तापानं गेली. औषध नव्हतं असं नाही, औषधापर्यंत जायला काही नव्हतं. मग अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला खांद्यावर घेतलं, विधवा बहिणीला, माझ्या आत्याला, बरोबर घेतलं आणि राहुरी गाठली, कारण तिकडं पाटाचं पाणी, ऊस, गुऱ्हाळं, हाताला काम.

पहिली काही वर्षं अप्पांनी गुळाच्या अडतीवर पोती वाहिली. पाठीवर कायम गुळाचा चिकटा, त्यावर माश्या. आत्या म्हणायची, भाऊ, तुला चाटलं तरी पोट भरंल. मग अडतवाल्याच्या लक्षात आलं, की हा माणूस ढेप नुसती उचलून वजन सांगतो आणि ते काट्यावर खरं निघतं. त्यानं अप्पांच्या हातात काटा दिला. अप्पा तोलार झाले. शेतकरी म्हणायचे, यांनी तोललं की परत तोलायला नको. आमच्या घरात दुसरं काही नव्हतं, पण हे होतं, आणि हे लई मोठं होतं.

मला त्यांनी नगरला मुलींच्या बोर्डिंगात घातलं. गावानं काय काय बोलून घेतलं. मडमीन करनार का पोरीची? अप्पा म्हणायचे, व्हय, करनार. मी पुण्याला जाऊन बी. ए. झाले. आमच्या घरातच काय, आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजचं दार कुणी पाहिलं नव्हतं. हे मी आजही मान वर करून सांगते, त्यात लाजायचं काय.

नगरला मी शिक्षिका झाले आणि तिथं एक गोष्ट मनाला लागली. दोन बहिऱ्या मुलींना आमच्या शाळेनं परत पाठवलं, यांना शिकवता येत नाही म्हणून. मी इकडंतिकडं पत्रं लिहिली. विलायतेत बहिऱ्यांना कसं शिकवायचं याचं शिक्षण असतं, वर्षभराचं, हे कळलं, शिष्यवृत्ती मिळाली. स्वातंत्र्याचं दुसरं वर्ष चालू होतं. बोटीत जागा मिळेना आणि वर्ग सुरू व्हायची तारीख तर जवळ आली, म्हणून देणाऱ्यांनी विमानाचं तिकीट काढून दिलं. काय सांगू तुम्हाला, तिकीट घरी आलं तर आत्यानं त्याला कुंकू लावलं.

तिकिटाबरोबर सामानाच्या नियमांचा इंग्रजी कागद होता. मी वरची ओळ वाचली आणि सांगितलं, अप्पा, चव्वेचाळीस पौंड सामान न्यायचंय, जास्त चालत नाही.

अप्पांनी विचारलं, रत्ना, बारदान धरून का सोडून?

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. गूळ तरटात बांधलेला येतो. काट्यावर तरटासकट चढतो आणि मग तरटाचं वजन वजा करतात. ते तरट म्हणजे बारदान. अप्पांच्या जन्मात बारदान कधी मालात धरलं गेलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं. आणि मी, बी. ए. झालेली, कागद हातात असून खाली पाहिलं नाही. म्हटलं, अप्पा, सामान म्हणजे सामान, त्यात काय विचारायचं? अप्पा म्हणाले, बरं. तू वाचलंयस म्हंजे बरोबरच असंल.

अडतीवरच्या हमालांनी मिळून मला लोखंडी पेटी दिली होती. हिरवी, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात रत्नमाला, बी. ए. एवढंच. मी ती अक्षरं पदरानं पुसायची. अप्पांनी अडतीवर सगळ्यांसमोर माझा एकेक जिन्नस काट्यावर चढवला. लुगडी, जुना घेतलेला लोकरी कोट, माझ्या टिपणांच्या वह्या, आत्याची शेंगदाण्याची चटणी, गुळाची लहानशी ढेप. सव्वाएकवीस शेर भरले. शेराचे दोन पौंड आणि वर थोडं, म्हणजे चव्वेचाळीस पौंडांच्या आत आहे, मी हिशेब केला. मग सगळं पेटीत भरलं आणि पेटीला कुलूप लावलं.

दौंडला गाडी बदलून अप्पा आणि मी मुंबईला पोचलो. विमानतळावर आमच्या पुढं कातडी बॅगा घेतलेली माणसं, आणि अप्पा खांद्यावर घोंगडी टाकून, पेटी डोक्यावर घेऊन. हमाल करू म्हटलं तर म्हणाले, मी काय मेलोय? तिथल्या काट्याला घड्याळासारखी तबकडी. पेटी ठेवली आणि काटा सत्तावन्नच्या पुढं गेला.

कारकून मराठी होता, तरुण, वाईट नव्हता. म्हणाला, बाई, साडेतेरा पौंड जास्त आहे, जादाचे पैसे भरा नाहीतर सामान कमी करा. तेवढे पैसे आमच्याकडं नव्हते. अप्पा पुढं झाले. साहेब, पेटीचं वजन कापा की, ते बारदान हाय. मागं कुणीतरी हसलं. अप्पांना वाटलं, त्यांना कळलं नाही, म्हणून ते आणखी मोठ्यानं, हातवारे करून समजावायला लागले, की माल येगळा, बारदान येगळं, कुनी बी तोलार सांगंल. सगळे बघत होते. माझ्या कानापर्यंत आग गेली आणि मी म्हणाले, अप्पा, गप बसा, हा काय गुळाचा बाजार आहे?

ते गप बसले.

कारकुनानं माझ्याच हातातला कागद माझ्यापुढं धरला. दुसरी ओळ. पेटीसकट एकूण वजन. आणि त्याखाली, अंगावरचा कोट, छत्री, बायकांची पिशवी, वाटेत वाचायची पुस्तकं हातात नेता येतात, त्यांचं वजन धरत नाहीत. सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

अप्पांनी खांद्यावरची घोंगडी फरशीवर पसरली, पेटी उघडली, सामान घोंगडीवर रचलं. कोट माझ्याकडं दिला, मी घामाच्या धारांत तो अंगात घातला. वह्या माझ्या काखेत दिल्या. मग मुंडाशातून दाभण काढलं, खिशातून सुतळी, तोलाराकडं हे कायम असतं, आणि गुळाचं पोतं शिवावं तशी घोंगडी चारी बाजूंनी शिवून टाकली. शिवून झाल्यावर एकदा हातांनी उचलली आणि हलक्या आवाजात, फरशीकडं बघत म्हणाले, वीस शेर.

कारकुनानं काट्यावर ठेवली. एक्केचाळीस पौंड. मी मनात गुणाकार केला, वीस शेरांचे एक्केचाळीसच होतात. मला हे तिथं मोठ्यानं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी त्या गाठोड्याकडं बघत होते, आणि बी. ए. लिहिलेल्या रिकाम्या पेटीकडं. अप्पा म्हणाले, जपून ऱ्हा, आणि पेटी डोक्यावर घेऊन निघून गेले. वळून बघितलं नाही.

विलायतेत आत्याची पत्रं यायची, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेली. तिसऱ्या पत्रात होतं, भाऊनं काटा सोडला. पेटी परत का आणली, असं हमालांनी विचारलं, तर म्हणाला, माझा तोल चुकला. बाजारात थट्टा चालू झाली, लेकीची पेटी नीट तोलता आली न्हाई आणि आमचा गूळ तोलतो. तेव्हापासून भाऊ परत पोती वाहतो. या वयात. बारदानाचं त्यानं तुला विचारलं होतं, हे त्यानं कुणालाच सांगितलं न्हाई, मला माहीत हाय कारण मी चुलीपाशी बसून ऐकलं होतं. खाली मास्तरांनी आत्याचा अंगठा उठवला होता.

त्या वर्षात मी शिकले भरपूर, पण झोप नीट लागली नाही. अप्पांना पत्रात लिहायचं धाडस झालं नाही, कारण ते मास्तरांनी वाचून दाखवलं असतं. खरं म्हणजे ही सबब होती.

बोटीनं परत आले ती घरी न जाता आधी अडतीवर गेले, घोंगडीचं गाठोडं घेऊन. बाजारचा दिवस. अप्पा पाठीवर पोतं घेऊन वाकलेले. मी अडतवाल्याला म्हटलं, शेठ, सगळ्यांना बोलवा. आणि सांगितलं. अप्पांनी मला विचारलं होतं, बारदान धरून का सोडून. उत्तर मी चुकीचं दिलं. कागद माझ्या हातात होता, बी. ए. मी होते. आणि यांनी हातानं उचलून वीस शेर सांगितले ते विमानाच्या काट्यावर एका छटाकाचा फरक न पडता भरले.

एक म्हातारा हमाल म्हणाला, मग येवढं शिकून काय केलं गं बाई? सगळे हसले. मीही हसले, आणि मग रडले.

अप्पा म्हणाले, लोकांचा खोळंबा करू नको, घरी जा, आत्या वाट बघती.

घरी हिरवी पेटी कोपऱ्यात होती. माझ्या नावाखाली त्यांनी रंगानं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: रिकामी, पावणेसात शेर.

ती पेटी आज माझ्या खाटेखाली आहे. शाळेतून कुणी परगावी शिकायला निघालं की मी म्हणते, आधी रिकामी बॅग तोल, आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच. अप्पा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, त्यांच्याकडं माफी मागितली ती तेवढीच, चार लोकांत. एकटीनं समोर बसून मागायची राहिली ती राहिलीच.

बाकी म्हणाल, तर मी शिकून आले. नगरला बहिऱ्या मुलांचा वर्ग काढला, परत पाठवलेल्या त्या दोघींपासून, आणि तो चालला. आणि मी अडतीवर सगळं सांगितलं, त्याच्या पुढच्याच बाजारी अप्पांनी पुन्हा काटा धरला.