कवळी आणि काळी पिशवी

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर काही येत नव्हता. शेजारी एक सून आणि तिच्या बोळक्या तोंडाच्या सासूबाई बसल्या होत्या. मी मोबाईलमध्ये डोकं खुपसलं, कान मात्र मोकळे ठेवले.

"कवळी कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवतं का कोणी, आई? मला वाटलं, कचराच आहे."

"टाकलीस ते टाकलीस. निदान सुक्या कचऱ्यात टाकायचीस, चटकन सापडली असती."

"सुक्याचा डबा धुऊन ठेवलाय. उगाच घाण होतो."

"आणि ओल्याचा?"

"त्यात मनीप्लांट लावलाय."

"छान! म्हणजे सगळं त्या एकाच काळ्या पिशवीत."

"अहो, पुढे गाडीत सगळं एकत्रच करतात."

"मग सोसायटीत भाषण कोणी ठोकलं, कचरा वेगळा करा म्हणून?"

"लोकांना सांगावं लागतं, आई. त्यांना शिस्त नाही."

"खरंय बाई. माझे दात गेले गाडीतून, तुझी शिस्त तेवढी घरात राहिली."

"हळू बोला ना, लोक ऐकतायत."

एवढ्यात आतून नर्स आली. "आजी, नवी कवळी यायला आठवडा लागेल. तोवर पातळच खायचं."

"अगंबाई! म्हणजे आईंचं रोज वेगळं करायचं?"

"वेगळं कशाला गं? सगळं एकत्र घाल आणि मिक्सरमधून काढ. तुझा हात बसलाय."