कोणता डबा काह्याचा

कुलूप हलवून काय होते भाऊ? रुख्मी अन् तिची पोरगी योगिनी अमडापूरच्या बाजारात गेल्या, येतीनच. या, ओट्यावर बसा—उन्हात काऊन उभे? लोणारचे नं तुम्ही, हर्षलचे मामा? वळखलंच मी. सोयरिकीआधी शेजाऱ्याले विचारायची रीत आहे, विचारा खुशाल. मी बेबी. पोरगी माह्याच ओट्यावर रांगली.

काम काय करते? तेच मीही विचारलं होतं तिच्या खिडकीत उभी राहून—दिवसभर लिहते काय वं त्या कम्प्युटरवर? तं म्हणे, मावशी, ते आजकालचं मशीन नाही का, फोनवर माणसावानी बोलते, आपल्या मनानं कामंही करते—त्याले औजारं दिलेली असतात. पण मशीनले औजार दिसत नाही, औजाराबद्दल जे लिहलं तेवढंच दिसते. ते मी लिहते—हे काय करते, कवा घ्यावं, कवा हात लावू नये. म्हणलं, म्हणजे नवी सून अन् सैपाकघर. मी नवी होती तवा सासू म्हणे, पांढऱ्या डब्यातलं मीठ घे. डबे दोन, दोन्ही पांढरे—अन् पाहुण्यायच्या भाजीत गेला पापडखार. आता मले सांगा, चूक कोनाची? सुनेची? जाऊ द्या, तुम्ही वरपक्षाचे, तुम्ही सुनेचीच म्हणसान.

तर तिची कंपनी आपल्याच भागातला भाजीपाला उचलते. आपण फोन करायचा, तो मशीनच घेते. नाव काढायची औजारं दोन—एक आजच्या गाडीपुरतं काढते, तोडा झाला नसला तं. दुसरं शेतकऱ्यायच्या यादीतूनच काढते, कायमचं. योगिनीनं दोन्हीवर फोड करून लिहलं होतं. वरचा साहेब म्हणे, लांबड झाली, एका ओळीत आण. योगिनी आयके नाही, तं त्यानं सोताच पुसलं अन् दोन्हीवर एकच ठेवलं—‘शेतकऱ्याचं नाव काढते.’ झालं. शिकलेला माणूस, हा.

आमच्या घरच्यायनं फोन केला—आज वांगे तोडले नाही, नाव काढा. मशीन मोठ्या अदबीनं म्हणे, काढलं. दुसऱ्या दिवशी क्रेट भरून सडकेवर बसले, गाडी समोरून निघाली, हात केला तं डायवर म्हणे, यादीत तुमचं नावच नाही काका. अर्ध्या गावाचं तसंच झालं. ढोरायले टाकले वांगे—ढोरायनंही मंग तोंड फिरवलं. तो कुबट वास अजून नाकात आहे माह्या. पण त्याहून घाण मले त्या साहेबाची वाटते. म्हणे योगिनी, लिहून दे, लिखाण बरोबर होतं, मशीननंच चुकीचं उचललं—नाहीतं चूक तुह्या नावावर टाकतो. थू. तिनं नाही दिलं लिहून. कंपनीचा लॅपटॉप खोक्यात बांधला, धाडून दिला, अन्—

अन् काही नाही. चहा ठेवलाच आहे, साखर चालते नं तुम्हाले?

हो, सोडली नोकरी. आता विचारलंच तं. रुख्मीनं बजावलं होतं, पाहुणे येऊन जाईस्तोवर सुट्टीवर आहे म्हण—गेलं तोंडातून. पण सोडली म्हणजे बसली नाही हो. आताही बाजारात तेच करून राह्यली, ज्यायचे नावं उडाले त्यायले विचारते, काका, फोनवर तुम्ही काय बोलले होते, कसं बोलले होते. जमा करून कंपनीच्या मोठ्या लोकायले पाठवते. पगार न घेता.

काय? पोरगी साहेबाले माफी मांगून परत जाईन का?

हे विचारलं तुम्ही. पोरगी कशी, बोलते कशी, काही नाही—परत जाईन का. तुमच्या हर्षलचा बायोडाटा पाह्यला म्या. ‘मनमिळाऊ, निर्व्यसनी, सुसंस्कृत.’ गेल्या महिन्यात वाशिमचा पाहून गेला, त्याच्या कागदावरही हेच. योगिनी हासली—म्हणे मावशी, दोन डबे, एकच ओळ. म्हणलं, थांब, त्याचे मामा येऊन राह्यले, त्यायलेच विचारू आत काय आहे.

आता नाही विचारत. उघडून पाह्यला डबा.

चहाचं राहू द्या, तो मी पेते. उठा तुम्ही. अन् जाताना फाटक ओढून घ्या, गाय आत येते.