मडगार्डाखालचा जोड

आमच्या आबांची जुनी जीप तुम्ही पाह्यलीच आहे. तिचं डावं मडगार्ड पार सडलं होतं. आबा येईल त्याला सांगायचे, "हिनं शिकताना बाभळीला घासली, तिथून गंज धरला." आईनं त्याच दिवशी स्टेअरिंग सोडलं, ते तीस वर्षं हातात घेतलंच न्हाई.

मागच्या महिन्यात सडके पत्रे बदलायला आम्ही तिघं परतूरला गेल्तो. तिथले म्हातारे डेंटर, रहीमचाचा, त्यांनी मडगार्ड कापून काढलं, उलटं करून पाह्यलं अन् हसले.

"भाऊ, हा जोड तर माझ्याच हातचा! लग्नाच्या आधी तुम्ही मंठ्याजवळ पुलाला धडकले होते ना? तुमची जल्दी होती, आतून रंग मारायचा राह्यला. गंज बराबर इथूनच धरला."

आबा नुसते चहाच्या कपात बघून राह्यले. आईनं वाकून तो जोड बोटानं चाचपून पाह्यला.

आठ दिवसांनी गाडी आणायला गेलो, तर आई सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, आता जमंल का तुला?" आबा म्हणाले.

"किल्ली द्या."

पहिला गिअर टाकताना गाडीनं जोरात गचका खाल्ला. आबांनी तोंड उघडलं, आईकडं पाह्यलं अन् मिटून घेतलं.