घंटा का वाजली नाही?

मंडळी, आधी एक प्रश्न! दोन माणसं आहेत. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. कामात खोट नाही, कसूर नाही. आणि तरी सगळं बिघडलं — तर दोष कुणाचा? सांगा! ... नाही ना सांगता येत?

ऐकलीत ही शिट्टी? दोन माइक लावलेत माझ्या तोंडापुढे! एक देवस्थानचे अध्यक्ष दिगंबरपंतांनी आणला, एक चिटणीस मनोहरअप्पांनी. दोघांचं आपसात बोलणं नाही म्हणे! आणि हे दोन माइक एकमेकांजवळ आले की किंचाळतात. असू दे. सोसतो मी. तुम्ही गोष्ट ऐका.

नाशकात एक लहानशी कंपनी. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. माझी सून तिथं कामाला, म्हणून मला ठाऊक — नाहीतर चिपळ्या वाजवणाऱ्याला त्यातलं काय कळतंय! तर तिथं प्रत्येकजण प्रोग्रामची आपली प्रत घेतो, तिच्यात बदल करतो, आणि मग सगळ्यांचे बदल एकत्र सांधतात. लग्नपत्रिकेसारखं! एका प्रतीवर काकानं मुहूर्त बदलला. दुसऱ्या प्रतीवर मामानं त्याच जागी भलताच मुहूर्त लिहिला. छापखानेवाला विचारतो, छापू कुणाचा? झालं — काम अडलं! मग काका-मामांना एका सतरंजीवर बसावंच लागतं. फुगलेली तोंडं घेऊन का होईना, बसावं लागतं!

कंपनीतले आपले काका-मामा म्हणजे उमाकांत आणि रेवती. दोघंही हुशार. टेबलाला टेबल लागून. आणि तीन महिने अबोला! कारण काय? उमाकांत एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "रेवतीनं हे घाईत उरकलंय." बस्स! शिकलीसवरली माणसं हो!

आता आली नवी सोय. कृत्रिम बुद्धीचा मदतनीस! दोघांचे बदल वाचतो, अर्थ लावतो, सांधून देतो. वर विचारतो — मान्य? बटण दाबा. रेवतीला केवढं बरं वाटलं! "चला, आता त्याचं तोंड बघायला नको." त्यालाही तेवढंच बरं वाटलं. मंडळी, सोय आली होती काम सोपं करायला. यांनी ती वापरली अबोला टिकवायला! काय म्हणावं? कपाळाला हात लावावा!

काम कसलं होतं, तेही ऐका. डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात लहान मुलांच्या लशी ठेवायचा फ्रीज. आतलं तापमान आठ अंशांच्या वर चढलं की तिथल्या यमुना गावित सिस्टरांच्या मोबाइलवर घंटा वाजायची. सिस्टर लगेच लशी बर्फाच्या पेटीत हलवायच्या. पण दार नुसतं उघडलं तरी घंटा! म्हणून उमाकांतनं लिहिलं — आकडा दहा मिनिटं वरच राहिला, तरच वाजव. बरोबर? बरोबर! इकडे फ्रीजमधलं तापमान मोजणारं यंत्र मधूनच अडकायचं, जुनाच आकडा धरून बसायचं. म्हणून रेवतीनं लिहिलं — दर पाच मिनिटांनी यंत्र बंद होऊन नव्यानं सुरू होऊ दे. बरोबर? तेही बरोबर!

आता करा हिशेब! मोजायचंय दहापर्यंत. आणि दर पाचाला पाटी पुसून पुन्हा एकपासून. घंटा कधी वाजणार? ... मागच्या ताई, मोठ्यानं बोला! — कधीच नाही!

मदतनिसानं दोन्ही बदल सांधले. पण खाली पिवळ्या चौकटीत लिहिलं हो त्यानं! उमाकांतनं वाचलं नाही. त्याला वाटलं, रेवती वाचेल. रेवतीला वाटलं, तो वाचेल. त्यानं दाबलं, मान्य! तिनं दाबलं, मान्य!

आणि एका मंगळवारी पहाटे डोंगरात वीज गेली. मोजणारं यंत्र बॅटरीवर चालूच होतं, पण घंटा वाजली नाही. नऊला सिस्टर आल्या. लसीकरणाचा दिवस. त्यांची रोजची शिस्त — आधी आतला काटा बघायचा, वहीत लिहायचा, मग बाकी काम. काटा चौदावर! सिस्टरांनी सगळ्या लशी बाजूला काढल्या, वर चिठ्ठी लावली — वापरू नये. आणि बाहेर ओट्यावर बावीस आया बसलेल्या. पाड्यापाड्यांतून चालत आलेल्या!

सिस्टरांनी कंपनीत फोन लावला. तिथं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. "घंटा का नाही वाजली?"

उमाकांत म्हणाला, "माझा भाग मी तपासलाय, सिस्टर. माझं बरोबर आहे."

रेवती म्हणाली, "माझंही बरोबरच आहे."

"असं का?" सिस्टर कडाडल्या. "तुमचं दोघांचं बरोबर! मग या बाईला काय सांगू? धरा, तुम्हीच सांगा!" आणि त्यांनी फोन ओट्यावरच्या सोनीच्या हातात दिला. दीड महिन्याचं बाळ कुशीत. दोन डोंगर उतरून आलेली पोर.

ती काय बोलली? रागावली? नाही हो! रागावली असती तर सोपं होतं. ती म्हणाली, "ताई, परत कवा येऊ?"

मंडळी, रडूच आलं रेवतीला. उमाकांतनं मान खाली घातली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी आला. दोघांनी मिळून ती पिवळी चौकट उघडली. आत काय होतं? "या दोन बदलांच्या मेळाबद्दल मला शंका आहे. ज्यांनी ते केले, त्यांनी एकदा एकमेकांशी बोलून घ्यावं."

यंत्राला कळलं! यंत्राला कळलं हो, आणि माणसांना नाही! दहा मिनिटांचं बोलणं होतं. त्या दहा मिनिटांपायी बावीस लेकरं लशीवाचून डोंगर चढून परत गेली.

काय मान डोलावताय? तुम्ही कोण लागून गेलात? भावाचा निरोप मोबाइलवर येतो, न वाचता अंगठा दाखवता! सासूचा निरोप सुनेला, सुनेचा सासूला — मधे नातवाला उभं करता! आणि विचारलं, तर प्रत्येकाचं बरोबरच असतं!

वाजली पुन्हा शिट्टी? वाजू दे. दिगंबरपंत, उठा. मनोहरअप्पा, तुम्हीही उठा. एक माइक चांगला आहे, दुसराही चांगला आहे. यातला एक बंद करायचाय. कोणता, ते मी सांगणार नाही. दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवा — सगळ्यांदेखत. देवाची आरती थांबेल तोवर. मीही इथंच उभा आहे.