एका कान्याएवढी जागा

(छापखान्याची पुढची खोली. दुपार. टेबलावर प्रुफांचा गठ्ठा. पुस्तकाचे लेखक असलेले प्राध्यापक उभे. छापखान्याचं कामकाज बघणाऱ्या बाई खुर्चीत. प्रुफं वाचणारे काका खिडकीपाशी.)

प्राध्यापक : हा काना कोणी घातला?

बाई : सर, आधी बसा तरी.

प्राध्यापक : बसत नाही. पान एकोणतीस, लाल शाई. हा काना कोणी घातला?

काका : मी.

प्राध्यापक : आपण कोण?

बाई : हे आमचे काका. प्रुफं वाचतात. ऐंशीला तीन कमी आहेत, पण अजून एक अनुस्वार निसटू देत नाहीत.

प्राध्यापक : अनुस्वार राहू द्या. काका, आपण कशाला हात लावलात याची कल्पना आहे? ही घड्याळवाल्यांच्या बाळाची चिठ्ठी आहे!

काका : माहीत आहे.

प्राध्यापक : काय माहीत आहे? अठ्ठावन्न वर्षांपूर्वी घड्याळांच्या कारखानदाराच्या बागेतून, भर दुपारी चार वाजता, बाबागाडीतून चौदा महिन्यांचा मुलगा नाहीसा झाला. आजतागायत सापडलेला नाही. चौथ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कचेरीत चिठ्ठी आली. तीन ओळी. ‘बाळ सुखरूप आहे. शोध करू नये. त्यास रोज दोन वेळा दूध देते.’ देते! आणि आपण काना घालून त्याचं ‘देतो’ केलंत. शाळेतल्या निबंधासारखं!

काका : निबंधात मार्क कापतात. मी काही कापलं नाही. उलट वाढवलंच.

बाई : सर, पाणी घ्या.

प्राध्यापक : नको. अहो, या ‘देते’वर माझी चारशे बारा पानं उभी आहेत. सहा आवृत्त्या झाल्या, ही सातवी. मतभेद आमच्यात रग्गड आहेत. वकीलसाहेबांचा पक्ष म्हणतो, काकानं नेलं. म्हणजे बाळाच्या काकानं, वाटणीसाठी; चिठ्ठी बायकोकडून लिहून घेतली. डॉक्टरांचा पक्ष म्हणतो, मूल आधीच दगावलं होतं, घरच्यांनी झाकलं; चिठ्ठी आईनंच लिहिली. एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. त्यांच्या मते ते बाळ एका बाईनं परदेशी नेलं आणि आज ते तिकडे घड्याळंच विकतंय. दरवर्षी त्या तारखेला आम्ही सगळे एका सभागृहात जमतो आणि एकमेकांशी बोलत नाही.

काका : मग जमता कशाला?

प्राध्यापक : न बोलायलासुद्धा समोर माणूस लागतो. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. लिहिणारी बाई होती. देते!

बाई : आणि तुमच्या मते ती बाई कोण, तेही काकांना सांगा.

प्राध्यापक : दाई. दुसरी कोण असणार? तिला स्वतःचं पाच महिन्यांचं मूल होतं, अंगावर दूध होतं. ‘दूध देते.’ बाटली म्हटलं नाही, वाटी म्हटलं नाही. बागेत बाळ तिच्याच ताब्यात होतं. म्हणते, पाच मिनिटं आत गेले. कशाला? तर म्हणे, आतल्या खोलीत स्वतःची मुलगी रडत होती!

बाई : रडत असेल.

प्राध्यापक : कोण?

बाई : मुलगी. पाच महिन्यांची मुलं रडतात, सर.

प्राध्यापक : त्यावर माझा सहावा अध्याय आहे. ते असो. काका, हा काना खोडा.

काका : खोडत नाही. एकदा काढला होता मी तो. दुसऱ्यांदा नाही काढणार.

प्राध्यापक : कधी काढला होता?

काका : अठ्ठावन्न वर्षांपूर्वी. ती चिठ्ठी मीच जुळवली.

प्राध्यापक : जुळवली म्हणजे?

काका : खिळ्यांत. तेव्हा एकेक अक्षर शिशाचं असायचं, हातानं उचलून ओळीत लावायचं. मी एकोणीस वर्षांचा होतो, नोकरीला पाच महिने झालेले. संपादक स्वतः कागद घेऊन आत धावत आले. म्हणाले, पहिलं पान थांबवलंय, दहा मिनिटांत लाव. रकाना अरुंद. खाली साबणाची जाहिरात.

प्राध्यापक : जाहिरातीचा काय संबंध?

काका : सांगतो. पहिल्या दोन ओळी बसल्या. तिसरी बसेना. एक शब्द खाली न्यावा, तर खाली साबण. संपादक हलतील, पण साबण हलायचा नाही. मग शब्दांमधल्या फटी बारीक केल्या. आणखी बारीक केल्या. शेवटी एवढंसं उरलं. ओळ एका कान्यानं बाहेर.

प्राध्यापक : मग?

काका : मग ‘देतो’चा काना काढला. मात्रा राहू दिली. ओळ बसली. फोरमनला दाखवलं. तो म्हणाला, देतो काय नि देते काय, पोराला दूध मिळतंय ना? लाव.

बाई : काका...

काका : चूक नव्हती ती, बाई. चूक परवडली असती. ती सोय होती.

प्राध्यापक : थांबा, थांबा. मूळ कागद कुणीतरी पाहिला असेलच!

काका : कागद संपादकांच्या टेबलावर परत गेला. संपादक चहा घेत होते. बातमी एवढी मोठी, धांदलीत चहा कागदावर सांडला. अख्खा कप.

प्राध्यापक : चहाचं मला ठाऊक आहे. पान छत्तीस.

काका : शाई शाळेतली. तिसरी ओळ सगळी वाहून गेली. पोलीस आले तेव्हा कागदावर तपासण्यासारखा फक्त चहा होता. मग पुरावा म्हणून काय, तर आमचा अंक.

प्राध्यापक : पण संपादकांनी कोर्टात शपथेवर ‘देते’ सांगितलं!

काका : त्यांनी सकाळी स्वतःचा पेपर वाचला ना. छापलेलं वाचलं की माणूस लिहिलेलं विसरतो. आणि मला कोण बोलावतं? खिळे जुळवणाऱ्याला वाचताही येतं, हे कोर्टाच्या गावी नव्हतं.

प्राध्यापक : हे सगळं तुमच्या शब्दावर. पुरावा?

काका : तुमच्याच पुस्तकात आहे की. अंकाचा फोटो, समोरच्या पानावर. भिंग घ्या. तिसरी ओळ बघा. ‘दोनवेळादूधदेते.’ फट आहे कुठे? वरच्या ओळी कशा ऐसपैस बसल्यात.

प्राध्यापक : हो... ती दाटी...

काका : काय झालं?

बाई : सरांचा त्या दाटीवर एक अध्याय आहे. आठवा. ‘लेखनातील दाटी आणि अपराधी मन.’

काका : बरोबर लिहिलंय. फक्त मन माझं होतं.

बाई : काका, एक विचारते. नीट आठवून सांगा. इतकी वर्षं झाली. ‘देतो’च होतं?

काका : बाई, जन्मभर दिवसाला हजारो खिळे लावले. लावलेला एकही आठवत नाही. काढलेला एकच आहे.

बाई : मग बोलला का नाहीत?

काका : दाईला धरलं त्या दिवशी फोरमनकडे गेलो होतो. तो म्हणाला, आधी नोकरी सोड आणि मग बोल. मी नोकरी सोडली नाही. याला दुसरं काही कारण नाही, मी शोधून पाहिलं. अकरा महिन्यांनी पुराव्याअभावी ती सुटली. म्हटलं, संपलं. मग यांचं पुस्तक आलं. सहा आवृत्त्या दुसरीकडे छापल्या. ही पहिल्यांदा माझ्या हाती आली, आणि हातात लाल पेनही होतं.

प्राध्यापक : समजा. वादापुरतं धरू, की मूळ शब्द ‘देतो’ होता. तरी माझा सिद्धांत ढळत नाही! धूर्त बाई पोलिसांना चकवायला मुद्दाम पुरुषी रूप वापरील. किंबहुना त्यानं तिचा धूर्तपणा अधिकच...

बाई : सर, ‘देते’ लिहिलं तरी ती, ‘देतो’ लिहिलं तरी ती. मग चिठ्ठी हवी कशाला?

प्राध्यापक : आपण यात पडू नका, बाई. हा अभ्यासाचा विषय आहे.

बाई : मी यात पडून अठ्ठावन्न वर्षं झाली. ती रडणारी मुलगी मी.

काका : काय म्हणालात?

बाई : सर, बसलात एकदाचे. पाणी घ्या आता.

प्राध्यापक : आपण... दाईच्या...?

बाई : पान एकशे तीन. ‘दाईचे अपत्य.’ नाव नाही, गाव नाही, लिंगसुद्धा नपुंसक. आईबरोबर अकरा महिने तुरुंगात होते. माझा गुन्हा एवढाच, की चार वाजता भूक लागली.

काका : मला माहीत नव्हतं हो. चार महिने एका खोलीत बसतोय आपण.

बाई : कसं माहीत असणार? मी कुणाला सांगत नाही. सरांचं पुस्तक इथे येणार असं कळलं, म्हणून ही नोकरी धरली. म्हटलं, आईबद्दल नवीन काय निघतंय ते लोकांच्या आधी कळेल.

प्राध्यापक : मग इतके दिवस आपण माझ्याशी भांडला का नाहीत?

बाई : पटलं होतं मला. कॉलेजात असताना पहिली आवृत्ती वाचली, रात्रभरात नाही, चांगली आठवडाभर, टिपणं काढत. तुम्ही फार चांगलं लिहिता, सर. तिथेच घात झाला.

प्राध्यापक : तुम्ही... आईला विचारलंत?

बाई : ती आपणहून म्हणायची, मी नाही गं. मी म्हणायची, छे, तू कशी असशील. मग मला मुलगी झाली. नोकरीवर जायचं, तर मूल शेजारणीकडे. घरात सख्खी आजी रिकामी बसलेली आणि मूल शेजारणीकडे. कधी एकदाही तिच्या हाती एकटं सोडलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही, का म्हणून. त्याचाही मी अर्थ लावला.

प्राध्यापक : काय अर्थ?

बाई : तुमचा नववा अध्याय. ‘मौनाची कबुली.’

काका : आणि आता तुमची नात रोज इथे असते, तेही त्यामुळेच?

बाई : तेच. मुलगी कामावर जाताना तिला इथे आणून सोडते. बांधणीच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये निजते बिचारी. घरी पणजी.

काका : मला वाटायचं, घरी कुणी नसेलच.

प्राध्यापक : काका... केवढा असतो हो तो?

काका : काय?

प्राध्यापक : काना. शिशाचा.

काका : नखाच्या कडेएवढा जाड. खाली पडला तर सापडायचा नाही. फुंकरीनं उडेल म्हणाना.

प्राध्यापक : फुंकरीनं. आणि त्यावर आम्ही केवढं... वकीलसाहेब, डॉक्टर, स्टेशनमास्तर, दरवर्षीचं ते सभागृह, खुर्च्या, हार... आणि खाली काय, तर साबण.

बाई : खाली आई होती, सर.

प्राध्यापक : हो. खाली आपल्या आई होत्या.

काका : एक आणखी आहे. ते तर कुणीच छापलं नाही. ‘दोन वेळा’ खाली त्यानं रेघ मारली होती.

प्राध्यापक : रेघ? चिठ्ठीत रेघ होती?

काका : चांगली दाबून. कागद मागून फुगला होता. अक्षर असं, लिहायची सवय नसलेल्या हाताचं. प्रत्येक अक्षर वेगळं उचलून ठेवल्यासारखं. रेघ छापायला आमच्याकडे पट्टी होती, पण कोणी सांगितलं नाही.

प्राध्यापक : दोन वेळा... म्हणजे त्याला वाटत होतं, की आईला कळावं. एकदा नाही, दोनदा देतो. चाळीस वर्षं मी या माणसाच्या मागावर आहे, आणि हा मला आज पहिल्यांदा दिसतोय. एक बाप्या. बाटली धरून बसलेला. कोण असेल हो?

काका : ते मला नाही माहीत.

प्राध्यापक : मलाही नाही. मला काहीच माहीत नाही. हे वाक्य मी पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही, बघा.

बाई : मग काय करायचं? प्रुफं संध्याकाळी छपाईला जायची आहेत.

प्राध्यापक : दुरुस्तीला लेखकाची सही लागते ना? द्या ते पेन. शुद्धिपत्रात नको, मजकुरातच घाला. ही घ्या सही, कान्याशेजारी. आता सहावा काढा. आठवा, नववा. सातवाही काढा, त्याला सहाव्याचा टेकू होता.

काका : मग पुस्तक राहील केवढं?

प्राध्यापक : एकोणतीस पानांचं. तेवढंच खरं आहे. छपाई थांबवा, बाई. मी घरी जातो. चालत जातो.

बाई : सर, छत्री राहिली.

प्राध्यापक : राहू द्या. उद्या येईन. आपली परवानगी असेल तर.

काका : ...गेले. बाई, आईंना ऐकू येतं?

बाई : सगळं. नको तेही.

काका : मग मी येऊ का? माझ्या तोंडानं सांगतो. काय म्हणायचं ते म्हणू देत त्यांना.

बाई : या. पण उद्या या, काका. आज आधी माझा नंबर आहे. जरा तो फोन द्या... हॅलो. हं, मीच. निघालीस का तिला घेऊन? ऐक, आज इकडे नको आणूस. सरळ घरी ने. ...हो, घरी. तुझ्या आजीकडे. ...अगं, हात थरथरत असतील तर उशा लाव दोन्हीकडून. ...मी नाही येत इतक्यात. ...तू पण थांबू नकोस, कामावर जा. ...कोणी नाही. दोघीच. ...हो गं, शुद्धीवर आहे मी. मांडीवर दे, आणि बाहेर पडताना दार ओढून घे.