दारावरची कोरफड

धाराशिवच्या स्थानकात ईटच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती. नातीच्या मांडीवर कोरफडीची कुंडी होती.

"आबा, ही बुडाला मऊ पडलीय. मरंल का?"

"पाणी कितींदा घालतीस, राजेश्वरी?"

"सकाळ-संध्याकाळ. उन्हाळा हाय, तहान लागत असंल."

"अगं, कोरफड हाय ती, म्हैस न्हाय! आपल्या दारावर उलटी टांगलेली हाय, तिला कोण पाणी घालतं?"

"कुणीच न्हाय."

"आन् माती?"

"ती बी न्हाय... पण लई हिरवीगार हाय की ती!"

"व्हय ना? घरी गेल्यावर हिचं सडकं बूड कापू, सुकवू, मग कोरड्या मातीत लावू. जगंल."

"आन् पाणी?"

"माती पार वाळल्यावर."

"मग ही बाटली धरा, आबा. हिच्यासाठी भरली होती. आता तुमीच प्या."