तोरण विमानानं नेलं

— नाही, नाही भाऊ, उठाचं नाही. हे आलेच समजा. चौकात बालुशाही आणाले गेले, तेथी कोणी भेटलं असन. सिंचन खात्यात जन्म काढला न, जो भेटते तो अजूनही कालव्याचं पाणी कवा सुटते म्हणून ह्याईलेच विचारते. तवरिक पोहे घ्या. तर्री टाकू? टाकते थोडी. मुलीचे मामा तुम्ही, आन मामाले रिकाम्या पोटी चौकशी करू देली असं उद्या तुमच्या दारव्ह्यात झालं तर? समीक्षाचे बाबा फोनवर म्हणे, आमच्याकडं सारं जानरावच पाह्यते, मामा हो म्हणला का झालं. तुम्ही काहीतरी सांगाले आले, दिसते मले, आल्यापासून दोनदा तोंड उघडलं तुम्ही — सांगा न, सांगाच — पण आधी माहं ऐकून घ्या, कारण हे आले का मले बोलू देत नाहीत.

तुमचा पहिला प्रश्न मले ठाऊक आहे. पार्टटाइम म्हणजे काय? सारेच तेच विचारतात. पोरगा पायलट आहे म्हणलं का पाव्हण्याचे डोळे चमकतात, पार्टटाइम म्हणलं का चहा अर्धा ठेवून उठतात. आता मले सांगा, पार्टटाइम पायलट म्हणजे अर्धा पायलट होते काय? वर गेला का पूर्णच वर असते न तो. अर्धा वर आन अर्धा खाली असं आजवर झालं नाही. नागपूरले शिकला अनिमेष, रीतसर शिकला, ह्याईचा सारा पीएफ — ते जाऊ द्या, ते नव्हतं सांगाचं. मोठ्या विमान कंपनीत जागा नाही भेटली, तर हे भेटलं. एक बियाणं-औषधाची कंपनी आहे, तिचं लहानसं पिवळं विमान, मागं लांबच लांब कापडी बॅनर बांधाचं आन गावागावावरून फिराचं. पेरणीच्या आधी बियाण्याचं बॅनर, बोंडं धरली का अळीच्या औषधाचं. बाकीच्या दिवसांत दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. पोरं लय येतात. गणितासाठी नाही येत, विमानाचं ऐकाले येतात, पण येतात.

आन बॅनर घेऊन विमान उडतच नाही, हे तुमाले ठाऊक नसन. मलेही नव्हतं. विमान आधी रिकामं उडते. जमिनीवर दोन खांब गाडतात, खांबांच्या मधात दोर ताणतात, दोराले बॅनर बांधलेलं आन खाली जमिनीवर पसरलेलं. मंग हा वरून येते — विमानाच्या पोटाखाली आकडा लोंबते, विहिरीत पडलेली बादली काढाचा गळ राह्यते न, तसा — तो दोरात अडकवाचा आन नाक वर करून निघाचं. बॅनर येते मागंमागं. फक्त मागचं त्याले दिसत नाही. काय अडकलं ते अंदाजानंच. शिकताना एकदा विमानतळाच्या चौकीदाराचं वाळत घातलेलं पांघरूण घेऊन गेलता. परत नेऊन देलं त्यानं. धुऊन देलं मी.

कष्टाचं काम आहे भाऊ. आन वरून बोलणी खा लागतात ती वेगळीच. कंपनीचं हापिस हैद्राबादले का कुठं तरी. औषधानं अळी मेली नाही का लोक कंपनीले कुठं शोधतीन? आमच्याकडं येतात. कापसाचं हे असं चाललेलं, तुमच्याही वावरात तेच असन, मी काय सांगावं. सकाळी दार उघडलं का माणूस उभा — पायलटसाहेब आहेत काय? हातात बोंड, बोंडात अळी, जिती. मले दाखवते. मी म्हणते, बावा, त्यानं फक्त कापड ओढलं. तो म्हणते, आम्ही वाचलं ते त्याच्याच मागं न. आता ह्याच्यावर काय बोलाचं? मी चहा ठेवते. पाहून पाहून मले आता कोणती गुलाबी अळी, कोणती हिरवी, सारं ओळखू येते. अनिमेष मात्र आतल्या खोलीत तोंड लपवून बसते. म्हणते, आई, लिहिलेलं खोटं असन तर मी खोटंच ओढून राह्यलो. लय मनाले लावून घेते. चांगला आहे हो पोरगा. आई म्हणून नाही सांगत — म्हणजे आई म्हणूनच सांगते, दुसरं कोण सांगन?

तर मंग पोळ्याचं — नाही, पोळ्याचं नाही. ह्याईनं जाता जाता बजावलं, कुंदा, पोळ्याचं सोडून काय वाट्टेल ते बोल. पण तुम्ही दारव्ह्याकडले. आज ना उद्या कानावर येईनच, मंग दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माह्या तोंडून ऐका. गेल्या पोळ्याले कापसाची पाहणी कराले कोणी मोठे साहेब येणार होते. त्याईच्यासाठी विमानतळ मोकळा पायजे, म्हणून आमचे खांब काढाले लावले. कंपनीचा एक माणूस आहे, बंटी. तो म्हणे चिंता नाही, दारव्हा रोडनं एका गावाबाहेर मोकळं मैदान आहे, तेथी गाडतो. दुपारून ये, दोन खांब दिसले, मधात दोर दिसला, खाली पांढरं पसरलेलं दिसलं का उचल. आता तुम्हीच सांगा भाऊ, पोळ्याच्या दिवशी दुपारून वऱ्हाडातलं असं कोणतं गाव आहे जिथं गावाबाहेर तोरणाचे दोन खांब आन मधात दोर नाही?

पण बंटीचा जन्म गेला मोबाइलच्या दुकानात. आन आमच्याकडं पोळा म्हणजे पाटावर मातीचे बैल, पुरणाची पोळी आन पोळीवर झोप. नोकरदाराच्या घरचं पोट्टं, तोरणाखाली कधी उभं राह्यलं नाही. अनिमेषनं वरून पाह्यलं — दोन खांब, दोर, दोराले आंब्याची पानं. म्हणे मले वाटलं, सण म्हणून बंटीनं सजवलं. खाली पांढरं लांबच लांब — ते तुमच्यासारखे धोतर-टोपीवाले रांगेत बसलेले. पांढऱ्याच्या पुढं रंगीत रंगीत — ते झुली घातलेले बैल. त्याले वाटलं, अक्षरं आहेत. एक म्हातारा हात वर करून पोळ्याची झडती गाऊन राह्यलता, ह्याले वाटलं बंटी बोलावते, ये ये म्हणून. आला बाप्पा तो खाली. आकडा टाकला, दोर अडकला, नाक वर. अख्खं तोरण घेऊन गेलं पोट्टं. बैलाले लागलं नाही, माणसाले लागलं नाही, देवासमोर सांगते. बैल उधळले तेवढे. बरेचसे सांजेपर्यंत सापडले. एक म्हणे ज्या गावाहून विकत आणलता तेथी जुन्या मालकाच्या दारात जाऊन उभा राह्यला.

आन ह्याले पत्ता नाही. आज विमान कसं हलकं चालून राह्यलं म्हणून खूश. दारव्ह्यावर तीन चकरा मारल्या आंब्याची पानं घेऊन. आजवर बॅनरकडं कोणी ढुंकून पाह्यलं नव्हतं, त्या दिवशी अख्खं दारव्हा गच्चीवर, बोटं दाखवते, हसते, टोप्या उडवते. म्हणे आई, मले वाटलं आज जाहिरात पोचली. मंग विमानतळाकडं आला. उतराच्या आधी बॅनर खाली सोडा लागते, तर सोडलं. ते पडलं साहेब निघाले होते त्याईच्या पायापाशी. साहेब म्हणे, वा, आंब्याचं तोरण, तेही आभाळातून, असा निरोप कोणी देला नाही. कोणीतरी टाळी वाजवली, मंग साऱ्याईनंच वाजवली. पाहणी चांगली झाली म्हणून पेपरात आलं. कापूस पाह्यला का नाही, ते नाही आलं.

हसा न भाऊ, सारे हसतात. तुम्ही हसूनच नाही राह्यले. बरोबर आहे, आमच्या घरीही हसणं नव्हतंच. त्या गावाचा मानकरी — ज्याचे बैल पाच पिढ्या पहिले तोरणाखालून जातात — तो दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन ठाण्यात. म्हणे तोरण चोरलं. ठाणेदार म्हणे, चोराचं वर्णन सांगा. तर म्हणे पिवळा, दोन पंख. कंपनीनं सांगतलं, प्रकरण मिटल्याबिगर उडाचं नाही. तवापासून विमान ताडपत्रीखाली आन पोरगं गच्चीवर, वर पाहत. मघा दारात मी तुमाले म्हणलं न, ड्युटीवर गेला? ड्युटी कुठली भाऊ. फडकं घेऊन गेला, विमान पुसाले. मले पाह्यवत नाही. आन त्या मानकऱ्याचं गाव कोणतं तेही मी विचारलं नाही, पण त्याच्या नावानं मी रोज सांजेले दिवा लावला का बोटं मोडते, खोटं कायले बोलू. म्हणते, माणसा, तुह्या बैलापायी माह्या लेकराचं आभाळ गेलं. तुही म्हैस आटो. लग्नाकार्यात तुह्या नव्या चपला चोरीले जावो —

घ्या न. हात काहून आखडला? खडा लागला काय? पाणी घ्या. चेहरा कसा झाला तुमचा. तुमचं गाव दारव्ह्यातच न? — नाही? समीक्षाचं दारव्हा, आन तुमचं? — मोहखुटा. मोहखुटा म्हणजे — दारव्हा रोडनंच. बरं. तेथीही पोळा भरत असन मोठा. भरते. आन तोरणाखालून पहिले बैल कोणाचे — तुमचे.

तुमचे.

तर्री जरा जास्तच झाली असन. नाही, आता उठू नका, आता उठले तर पळाल्यासारखं दिसन. म्हैस कशी आहे? — आटली? ते माह्यानं नाही झालं, चैतात आटतेच म्हैस. आन बोलली ते बोलली, माघारी घेत नाही मी. माहं पोरगं चोर नाही. अडाणी म्हणा, आंधळं म्हणा, पोळा कशाशी खातात ते ठाऊक नसलेलं म्हणा, पण चौकीदाराचं पांघरूण परत नेऊन देणारं पोरगं चोर असन काय? कायले आले तुम्ही? चोराचं घर कसं राह्यते ते पाह्याले? पाहा. हे असं राह्यते. पंखा आवाज करते, टेबलावर गणिताची पुस्तकं राह्यतात.

काय म्हणलं? — नाही, बोला, मी चूप. — कोणाचा मान? अनिमेषचा? थांबा, मले नीट समजू द्या. तोरण तोडन त्याचा मान, ही मोहखुट्याची रीत. तोडलं विमानानं. म्हणून गावानं बैठकीत ठरवलं का मान आता यवतमाळच्या पोराचा, आन त्याच्यापाशी बैल नाही म्हणून तोवर तुमचे बैल साऱ्याईच्या मागं उभे. बरं. आन तोच पोरगा तुमचा भाचजावई झाला, तर मान घरातला घरात, आन त्याच्या नावानं पहिले बैल तुमचेच जातीन. म्हणून येत्या पोळ्याच्या आत लग्न पायजे. आन ठाण्यातलं? — जावयावर तक्रार कोण ठेवते. तेही बरोबर. डोकं चालते भाऊ तुमचं. आल्या आल्या हेच सांगत होते काय? मंग सांगाचं न.

पण माहं पोरगं काय तोरणाचा खांब आहे, तुमचा मान ताणून धराले? नाही भाऊ. स्थळ यावं म्हणून देव पाण्यात घातले मी, आन आलं ते बैलासाठी आलं. बिनलग्नाचा राहीन अनिमेष, माह्या हातचं खाईन, विमान पुसन, पण कोणाच्या बैलापायी त्याचं लग्न नाही लावणार मी. आन समीक्षाले विचारलं कोणी? तिच्या जन्माचं आहे न ते. ती काय म्हणते? — ती तेथीच होती? पोळ्याले, तुमच्याकडं? मंग, सारे पळाले तवा ती? — हसली. — पोट धरून? — बाभळीखाली बसून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. आन अजून हसते? आता, चैत लागला तरी? भाकरी थापता थापता? — आन म्हणते काय? — बैलाचं नाही म्हणत? मानाचं नाही? — विमानवालाच पायजे म्हणते.

माह्या पोरावर कोणी हसलं का मले राग येते, भाऊ. साऱ्या यवतमाळचा येते, ह्याईचाही येते. हिचा नाही आला.

गाडी वाजली, हे आले. ह्याईले सारं पहिल्यापासून तुम्हीच सांगा, माह्या बोटं मोडण्याचं सोडून. सांगा. मी नाही बोलत.